टीबीची ती फाईल जाळू नका

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

माझे यजमान १९८४ ते २०१६ अशी बत्तीस वर्षे मुंबईच्या पूर्व उपनगरात सिमेंटचे पत्रे बनवणाऱ्या एका कारखान्यात कायम कामगार होते. पहिली अकरा वर्षे ते गोण्या फोडून त्यातला अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचा तंतू मिक्सरमध्ये ओतण्याच्या कामावर होते, नंतर पत्रे कापण्याच्या खात्यात गेले. त्यांचे खाकी कपडे मी रोज दारात झटकून मग भिजवायचे. पायरीवर पांढरी पूड साचायची. ३१ मार्च २०१६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि आम्ही सातारा जिल्ह्यातल्या गावी आलो. २०१७ च्या दिवाळीत त्यांना खोकला आणि दम सुरू झाला. तालुक्याच्या डॉक्टरांनी टीबी सांगून सहा महिन्यांचा कोर्स दिला, पण गुण आला नाही. गावात चर्चा नको म्हणून आम्ही कोणाला सांगितले नाही. ती फाईल मी बंबात घालणार होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याला सीटी स्कॅन केल्यावर अ‍ॅस्बेस्टोसिसचे निदान झाले, म्हणजे त्या तंतूने फुफ्फुसे कडक झाल्याचे. आता न्हाणीपर्यंत चालले तरी त्यांना धाप लागते. कारखाना बंद होऊन तिथे टॉवर उभे राहिले. कंपनीचे मुख्य कार्यालय मात्र चालू आहे. निवृत्त होताना कंपनीने स्टँप पेपरवर ‘माझे काही येणे नाही’ असे लिहून घेतले होते. २०११ पर्यंत पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जायचा, नंतर पगार मर्यादेच्या वर गेला म्हणून बंद झाला. युनियनचे जुने पुढारी म्हणतात, मुदत गेली. शिवाय यजमान बिडी ओढायचे. आम्हाला काही मिळेल का? वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

सल्ला

आदरणीय ताई,

तुमचे पत्र वाचताना मी एका वाक्यावर थांबलो आणि पुढचे वाचण्याआधी ते वाक्य पुन्हा वाचले. टीबीची फाईल तुम्ही बंबात घालणार होता, असे तुम्ही लिहिले आहे. ती अजून घरात असेल तर हे उत्तर वाचून होताच तिच्यातला प्रत्येक कागद, औषधांच्या चिठ्ठ्यांसकट, एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा आणि तालुक्याला जाल तेव्हा सगळ्याच्या दोन झेरॉक्स प्रती काढून घ्या. ज्या फाईलची तुम्हाला लाज वाटली, ती तुमच्या दाव्यातला सर्वांत मोलाचा पुरावा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी थोडा कायदा सांगावा लागेल.

कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई मिळण्यासाठी आपल्याकडे १९२३ सालचा कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम होता; तो २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, पण यजमानांचा आजार त्याआधीचा असल्याने तोच धरून सांगतो. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी असून अ‍ॅस्बेस्टोसिस तीत नावानिशी आहे. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हेही आहेत. यादीतला आजार यादीतल्या कामावर पुरेसा काळ राहिलेल्या कामगाराला झाला, तर कलम ३ नुसार तो आजार म्हणजेच कामावर घडलेला अपघात असे धरले जाते, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर पडते. बत्तीस वर्षांच्या नोकरीत काळाचा प्रश्नच उरत नाही. बिडीची भीतीही मनातून काढून टाका. बिडीने दमा होतो, छातीचे इतर विकार होतात, कर्करोग होतो. पण अ‍ॅस्बेस्टोसिस हा अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंमुळेच होणारा आजार आहे आणि तो बिडीने होत नाही. कंपनीचा वकील हा मुद्दा काढणारच, कारण तो प्रत्येक अशा प्रकरणात काढला जातो. त्याला उत्तर द्यायचे काम सीटी स्कॅनचा अहवाल करील. (यजमानांनी बिडी अजून सोडली नसेल तर मात्र आजच सोडावी, कारण हा तंतू आणि धूर एकत्र आले की कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो.)

आता मुदतीकडे येतो. तुमचे पुढारी अगदीच चुकीचे बोलले नाहीत, पण त्यांनी निम्मेच सांगितले. कलम १० प्रमाणे दावा अपघातापासून दोन वर्षांत करावा लागतो. नोकरी सोडून गेलेल्या कामगाराच्या बाबतीत त्याच कलमाचे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली तरतूद, सांगते की, काम सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत व्यवसायजन्य आजाराची लक्षणे दिसू लागली, तर लक्षणे प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा दिवस समजावा. हा कायदा लिहिताना यंत्रात हात सापडलेला कामगार डोळ्यांसमोर असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे. हात तुटला की त्याच दिवशी दिसतो. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुफ्फुसात शिरल्यावर पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षे आत काम करीत राहतो आणि माणूस निवृत्त होऊन नातवंडे खेळवू लागला की मग दम अडवतो. अशा आजाराला काम सुटल्यापासून दोन वर्षांची अट लावणे हा माझ्या मते उघड अन्याय आहे, आणि अनेक कुटुंबांचा दावा याच दारात अडतो.

पण तुमचा अडू नये. यजमान ३१ मार्च २०१६ रोजी निवृत्त झाले, म्हणजे ही दोन वर्षे ३१ मार्च २०१८ रोजी संपली. त्यांना खोकला आणि दम लागू लागला तो २०१७ च्या दिवाळीत, म्हणजे मुदतीच्या पाच महिने आधी. आणि त्या दिवसांत ते एका डॉक्टरसमोर बसले, त्यांच्या छातीचा एक्स-रे काढला गेला, थुंकी तपासली गेली, हे सगळे तारखांसह त्या फाईलमध्ये लिहिलेले आहे. टीबी हे निदान चुकले असेल. तारीख चुकलेली नाही. फाईल उघडून थुंकीचे अहवाल शोधा. त्यांवर जंतू आढळले नाहीत असे लिहिले असेल, आणि तरी केवळ एक्स-रे पाहून कोर्स चालू केला असेल, तर तो कागद आणखी बोलका ठरेल. त्या वेळचा मोठा एक्स-रे घरात असेल तर तो दुमडू नका, गुंडाळू नका. फाईलमध्ये नसेल तर ज्या दवाखान्यात वा सरकारी केंद्रात कोर्स घेतला तिथल्या नोंदींची प्रत लेखी अर्ज करून मागा. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारी कार्यक्रमात ठेवायची असते.

डॉक्टर चुकले म्हणून त्यांच्यावर रागावू नका. मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांची तपासणी करून केलेला अभ्यास २००५ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी पंचमांशाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टोसिस असल्याचे त्यात आढळले. आणि हा आजार टीबी किंवा जुनाट ब्राँकायटिस म्हणून खपवला जातो, त्यामुळे देशभर भरपाई मिळालेल्यांची संख्या नगण्य आहे, असे त्या डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत नोंदवले. तुमच्या घरात घडले ते हेच. आता पुण्याच्या छातीच्या डॉक्टरांकडे ती जुनी फाईल आणि नवा सीटी स्कॅन असे दोन्ही घेऊन जा, आणि २०१७ मधली लक्षणे व त्या वेळचा एक्स-रे हे आज निदान झालेल्या अ‍ॅस्बेस्टोसिसशी जुळतात का, याबद्दल त्यांचे लेखी मत मागा. तुमच्या दाव्याचा कणा हा एक कागद असेल.

मग प्रश्न राहतो उशिराचा, कारण २०१७ ला अपघात मानला तर दोन वर्षे २०१९ सालीच सरली. त्यावर त्याच कलमात तोड आहे. वेळेत दावा न करण्यास पुरेसे कारण होते, अशी या कायद्याखाली दावे ऐकणाऱ्या आयुक्तांची खात्री पटली तर ते उशिरा आलेला दावाही दाखल करून घेऊ शकतात. आजाराचे नावच २०२५ च्या ऑगस्टमध्ये कळले, त्याआधी डॉक्टरांनी स्वतःच टीबी सांगून औषध दिले होते, यापेक्षा पुरेसे कारण कोणते असणार? मात्र निदान झाल्यापासून आजवरचा जो काळ गेला, त्याचे कारणही अर्जात महिनावार सांगावे लागेल: कोणत्या दवाखान्यात होता, कागद कधी मिळाले, कोणाला विचारले. यापुढे एक महिनाही विनाकारण घालवू नका.

स्टँप पेपरची काळजी करू नका. कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिला असे लिहून देणारा कोणताही करार कलम १७ नुसार रद्दबातल आहे, मग तो शंभराच्या स्टँपवर असो की पाचशेच्या. त्या कागदाची प्रत तुमच्याकडे असल्यास तीही जपा. यजमान कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या हुद्द्यावर नोकरीत होते, हे कंपनीनेच त्यावर लिहून ठेवले आहे.

तुमच्या प्रकरणातली खरी गाठ ईएसआयची आहे, आणि ती मी सोपी करून सांगितली तर तुमची फसवणूक होईल. ईएसआयचा विमा असलेल्या कामगाराला त्याच इजेसाठी १९२३ च्या कायद्याखाली मालकाकडून भरपाई मागता येत नाही. ईएसआय कायद्याचे कलम ५३ ते दार बंद करते आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ए. ट्रेहान यांच्या खटल्यात ते बंदच असल्याचा निर्णय दिला. यजमानांचा विमा २०११ पर्यंत होता आणि पुढची पाच वर्षे नव्हता. ते पत्रे कापण्याच्या खात्यात, त्याच धुळीत, विम्याशिवायही पाच वर्षे होते. कंपनी म्हणेल की हा ईएसआयचा माणूस आहे; ईएसआय म्हणेल की निवृत्तीच्या वेळी तो आमचा नव्हता. दोघांच्या मध्ये माणूस लोंबकळतो. म्हणून माझा सल्ला असा की दोन्ही दारे एकाच महिन्यात ठोठावावीत आणि एकीकडे काय केले ते दुसरीकडे लपवू नये. ईएसआयच्या शाखा कार्यालयात विमा क्रमांक देऊन व्यवसायजन्य आजाराबद्दल लेखी अर्ज करा आणि वैद्यकीय मंडळापुढे तपासणी मागा. त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातही हा आजार आहे. तिथे अपंगत्व मान्य झाले तर एकरकमी रकमेऐवजी हयातभर दरमहा लाभ मिळतो आणि मृत्यू याच आजाराने झाला तर पत्नीलाही मिळतो, त्यामुळे ते दार दुय्यम समजू नका. त्याचबरोबर आयुक्तांपुढच्या अर्जात स्पष्ट लिहा की २०११ ते २०१६ या काळात विमा नव्हता आणि त्या काळातही हाच धोका अंगावर होता. पैसे दोन्हीकडून मिळणार नाहीत, पण ‘तू चुकीच्या दारात आलास’ असे सांगून दोघांनाही तुम्हाला परत पाठवता येणार नाही. दिवाणी न्यायालयात वेगळा दावा मात्र लावू नका. आयुक्तांपुढे अर्ज केल्यावर तोही रस्ता १९२३ च्या कायद्याच्या कलम ३ नेच बंद होतो.

कंपनीकडून येणारे एक उत्तर मला आत्ताच दिसते आहे: कारखाना बंद झाला, जुने रेकॉर्ड नष्ट झाले. हे उत्तर चालणार नाही. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला, कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे म्हटले, आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या प्रत्येक कारखान्याला बंधन घातले की प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर पंधरा वर्षे, यांतला जो काळ नंतर संपेल तोपर्यंत, जतन करावी. यजमान १९८४ ला लागले, चाळीस वर्षे २०२४ ला झाली. ते २०१६ ला निवृत्त झाले, पंधरा वर्षे २०३१ ला होतील. म्हणजे २०३१ पर्यंत त्यांचे दरवर्षीचे एक्स-रे आणि श्वासाच्या चाचण्यांचे आकडे कंपनीकडे असलेच पाहिजेत. ते रजिस्टर्ड पोस्टाने मागा. दिले तर पुरावा मिळाला. न दिले तर आदेश मोडल्याचा पुरावा मिळाला. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली त्या कारखान्याच्या तपासणीचे आणि हवेतल्या धुळीच्या मोजणीचे अहवालही मागता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात.

त्याच निकालात आणखी एक आदेश आहे. कारखाना निरीक्षकांनी, विशेषतः गुजरातच्या, कामगारांना अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेकडे फेरतपासणीला पाठवावे, आणि आजार सिद्ध झाल्यास कारखान्याने संस्थेच्या प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांत प्रत्येकी एक लाख रुपये द्यावेत. २०११ साली कल्याणेश्वरी या संस्थेच्या याचिकेत न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घालण्यास नकार दिला, पण १९९५ चे आदेश पाळायला बजावले. एक लाखाची ती रक्कम तीस वर्षांत एका रुपयानेही वाढलेली नाही, हे लिहिताना मला संताप येतो. तरीही अहमदाबादच्या संस्थेचे प्रमाणपत्र रकमेपेक्षा मोलाचे आहे, कारण त्या कागदापुढे कंपनीच्या डॉक्टरचे मत फारसे टिकत नाही. म्हणून यजमानांना तिथे तपासणीसाठी पाठवावे, असा अर्ज संचालनालयाकडे करा.

पुण्याच्या डॉक्टरांना आणखी एक विनंती करा. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसाला यादीतला आजार झाला असे वाटले, तर त्याचा लेखी अहवाल मुख्य कारखाना निरीक्षकांना पाठवणे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरचे कायदेशीर कर्तव्य आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ मध्ये ते होते आणि त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही आहे. बहुतेक डॉक्टरांना हे माहीत नसते. कलम दाखवले की पाठवतात, असा माझा अनुभव आहे. दाव्यासाठी त्यांच्याकडून नुसते निदान पुरणार नाही. उत्पन्नक्षमता किती टक्के घटली, हे त्यांनी आकड्यात लिहून द्यायला हवे, कारण भरपाईचा हिशेब त्याच आकड्यावर चालतो. त्यासाठी सीटी स्कॅनसोबत स्पायरोमेट्री (फुंकून श्वास मोजण्याची चाचणी) आणि फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ती चाचणी, या दोन्ही लागतील. तुमच्या दाव्याची नोटीस मिळाल्यावर कंपनीने आपल्या डॉक्टरकडे मोफत तपासणीला बोलावले तर जायचे. नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढ्यापुरता थांबतो. फक्त त्या दिवशी घरचे कोणीतरी सोबत असू द्या आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू देऊ नका.

रकमेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या मनात ते असणारच. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक असा हिशेब आहे. वेतन कितीही असले तरी हिशेबात ते ३ जानेवारी २०२० पासून १५,००० रुपयांपर्यंतच धरतात. त्याआधी ही मर्यादा ८,००० होती. पासष्ट आणि त्यापुढच्या वयाचा गुणांक ९९.३७ आहे. निदानाची तारीख, म्हणजे २०२५, धरली तर ९,००० गुणिले ९९.३७ म्हणजे ८,९४,३३० रुपये होतात, आणि क्षमता समजा ४० टक्के घटली असेल तर त्यातले ३,५७,७३२. लक्षणांची तारीख, म्हणजे २०१७, धरली तर मर्यादा ८,००० ची लागते आणि वय कमी असल्याने गुणांक ११७ च्या वर जातो. ४० टक्क्यांचे सव्वादोन लाखांच्या आसपास होतात. आकडा लहान वाटेल, पण भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ पासून सांगितले आहे, आणि महिन्याभरात न दिल्यास कलम ४अ प्रमाणे १२ टक्के व्याज लागते. २०१७ पासूनचे व्याज मान्य झाले तर ती रक्कम जवळजवळ दुप्पट होते. विनाकारण टाळल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावता येतो. २०१७ ची तारीख मुदतीच्या दृष्टीने भक्कम आहे, म्हणून मी तुमच्या जागी तीच मुख्य म्हणून मांडीन आणि २०२५ ची पर्यायी म्हणून जोडीन.

तिथे टॉवर झाले म्हणून कंपनी संपली असे होत नाही. मुख्य कार्यालय चालू आहे, तर नोटीस तिथेच जाईल. कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव घालून तिचा नोंदणी क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाकडून काढून घ्या. आणि कलम १४अ लक्षात असू द्या: देणे उत्पन्न झाल्यानंतर मालकाने जमीन विकली असेल, तर त्या जमिनीवर कामगाराच्या भरपाईचा पहिला बोजा राहतो. जमीन नेमकी कोणत्या तारखेला विकली, हे म्हणूनच शोधायला हवे.

या सगळ्यासाठी मुंबईला खेटे घालायची गरज नाही. दावा करणारा जिथे राहतो तिथल्या आयुक्तांपुढेही अर्ज करता येतो, म्हणजे तुमचा अर्ज साताऱ्यात होईल. वकिलाचे पैसेही लागणार नाहीत. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला, उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय असते, तिथे साध्या कागदावर अर्ज द्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असून १९२३ चा कायदा आणि ईएसआयचा कायदा तिच्यात सामावले गेले आहेत, असे तुम्हाला कोणीतरी सांगेल. ते खरे आहे. पण यजमानांचा आजार आणि त्याचे निदान दोन्ही त्याआधीचे आहे, आणि आधीच्या कायद्याखाली निर्माण झालेला हक्क नवा कायदा आला म्हणून बुडत नाही. अर्जात दोन्ही कायद्यांचा उल्लेख ठेवायला वकिलांना सांगा.

आता तुमच्याविषयी. ती पायरीवरची पांढरी पूड तुम्ही ज्या सहजपणे लिहिलीत, त्याने मला जास्त अस्वस्थ केले. नवऱ्याचे कपडे झटकणाऱ्या, धुणाऱ्या बायकांना हाच तंतू श्वासातून गेल्याने आजार झाल्याची उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही त्या कंपनीच्या कामगार नव्हता, म्हणून या कायद्याखाली तुम्हाला काही मिळत नाही, आणि ही उणीव कोणत्याही नव्या संहितेने भरून काढलेली नाही. पण पुण्याला जाल तेव्हा तुमचाही छातीचा एक्स-रे काढा, आणि डॉक्टरांना ‘मी बत्तीस वर्षे ते कपडे धुतले’ हे वाक्य सांगायला विसरू नका. ते सांगितल्याशिवाय त्यांना ते सुचणार नाही. मुले त्या घरात वाढली असतील तर त्यांनाही हे माहीत असू द्या. गोठ्यावर किंवा पडवीवर कारखान्यातून आणलेले जुने पत्रे असतील तर ते फोडू नका, घासू नका, भोके पाडू नका. काढायचेच असतील तर पाणी मारून, सबंधच्या सबंध उतरवा.

आणि या आठवड्यात, नोटिशीच्याही आधी, एक काम घरी बसून करायचे आहे. यजमानांना बरे वाटेल त्या वेळी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि त्यांच्या कामाचा एक दिवस त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. गोणी कशी फोडत, सुरीने की विळ्याने. हाताने ओतत की फावड्याने. तोंडाला रुमाल होता की मास्क, आणि मास्क असेल तर किती दिवसांनी बदलून मिळे. रिकाम्या गोण्यांचे पुढे काय होई. जेवायला कुठे बसत. पाळीत सोबत कोण कोण असे आणि त्यांतले आज कोण हयात आहेत. दम लागला की थांबा, दुसऱ्या दिवशी पुढे लिहा. प्रत्येक पानावर तारीख टाका आणि त्यांची सही घ्या. सोबत्यांपैकी दोघे-तिघे सापडले तर त्यांचीही प्रतिज्ञापत्रे होतील. आणि तुम्ही त्यांना शोधायला निघाल तेव्हा त्यांच्यातल्या कोणाच्या घरी अशीच टीबीची एखादी फाईल आहे का, तेही विचारा.